रमतगमत जाझ

हल्ली लोक फिरायला जात नाहीत, स्टेप्स पुऱ्या करायला जातात. हात कोपरातून वाकवलेले, नजर मनगटावर. ओळखीचं कुणी भेटलंच तर थांबायचं नाही, जागच्या जागी पाय हलवत 'काय, कसं काय' उरकायचं. माझ्यासारखे रमतगमत चालणारे अशांच्या वाटेत येतात. दुकानांच्या पाट्या वाचत, कुणाच्या कुंपणावरची जाई हुंगत, मध्येच एखाद्या कुत्र्याची विचारपूस करत चालणं हा व्यायाम नव्हे, कबूल. पण नेमक्या या चालीला शोभणारं एक गाणं आहे, आणि ते स्वीडिश आहे.

'साक्ता वी गो येनोम स्तान'. हळूहळू आपण शहरातून चालतोय, एवढंच. चाल मूळची अमेरिकन. प्रेयसीला घरी पोचवायला निघालेल्या तरुणाचं ते गाणं तिकडे १९३० च्या सुमारास आलं, पुढे प्रसिद्ध अमेरिकन गायक नॅट किंग कोलनंही गायलं. बेप्पे वोल्गर्स या कवीनं त्या चालीवर स्वीडिश शब्द बसवले आणि ती पायपीट थेट स्टॉकहोमच्या रस्त्यांवर आणून सोडली. १९६२ मध्ये ते गाणं गाजलं ते स्वीडिश जाझ गायिका मोनिका सेटरलुंडच्या आवाजात.

मोनिकाचा जन्म १९३७ चा, व्हेर्मलांड प्रांतातल्या हागफोर्सचा. पोलादाच्या कारखान्यावर जगणारं हे गाव. वडील वादक, त्यांचा स्वतःचा बँड होता. पोरगी त्यांच्याबरोबर गायची. जाझची गाणी तिनं रेडिओवरून आणि तबकड्यांवरून उचलली, तीही इंग्रजीचा गंध नसताना. मला वाटतं, तिचा कान तिथेच तयार झाला. अर्थ कळत नसला की शब्दावर जोर कुठे पडतो, श्वास कुठे घेतला जातो, एवढंच ऐकायला उरतं. १९५७ मध्ये ती आर्ने डोमनेरुस यांच्या नावाजलेल्या वाद्यवृंदात दाखल झाली. पुढच्याच वर्षी तिची 'स्वीडिश सेन्सेशन' ही इंग्रजी गाण्यांची रेकॉर्ड आली. गाणी सुरेल आहेत, पण माझा जीव तिथे फारसा रमत नाही. अशा चांगल्या गायिका अमेरिकेत तेव्हा बऱ्याच होत्या.

ती खरी उलगडते स्वीडिशमध्ये. त्या भाषेत शब्दांनाच सुरांचा चढउतार असतो. दोन स्वीडिश माणसं बटाट्याचे भाव बोलत असली तरी गुणगुणताहेत असं वाटतं. मोनिका त्या बोलण्यावर गाण्याचा भार टाकत नाही. आवाज मोठा करत नाही, ताना नाहीत, हरकती बेतानं. ठेका पुढे गेला तर जाऊ देते, मग निवांत मागून येऊन गाठते.

आता १९६४ च्या ऑगस्टमधलं स्टॉकहोम. अमेरिकन जाझ पियानोवादक बिल इव्हान्स आपलं त्रिकूट घेऊन तिथे आला होता; बासवर चक इस्रायल्स, ड्रम्सवर लॅरी बंकर. इव्हान्सनं आपल्या चिमुकल्या पुतणीसाठी तीन मात्रांची एक चाल बांधली होती, 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. वोल्गर्सनं तिलाही स्वीडिश शब्द दिले आणि डेबीचा वॉल्ट्झ मोनिकाचा झाला, 'मोनिकास वाल्स'. (दुसऱ्याच्या पुतणीची चाल अशी आपल्या नावावर करून घ्यायला नशीब लागतं.) हे गाणं हेडफोन लावून ऐकावं. इव्हान्सचे सूर काचेवर पडणाऱ्या पावसासारखे सुटे सुटे येतात, आणि ती त्यांच्यामधून वाट काढते. ओळीचा शेवटचा शब्द ताणून टाळी घ्यायचा मोह कुणालाही झाला असता. ती तो सहज सोडून देते. उरलेली जागा पियानोची. इव्हान्स तिला पियानोची साथ करतोय की ती पियानोला साथ देतेय, हे काही ठिकाणी सांगता येत नाही.

इव्हान्सबरोबर तिनं केलेल्या त्याच रेकॉर्डवर एक जुनं स्वीडिश लोकगीतही आहे, सुंदर गुलाबाचं. न्यूयॉर्कच्या क्लबांत मुरलेले तीन वादक आणि स्वीडनमधलं शतकांपूर्वीचं गाणं. आज असं काही करायचं म्हटलं तर आधी 'फ्यूजन' असं पोस्टर लागेल, मग निवेदक दोन संस्कृतींच्या संगमावर दहा मिनिटं बोलेल. इथे कुणी काही जाहीर केलेलं नाही. स्वीडनमध्ये तेव्हा हवाच तशी होती म्हणा. त्याच वर्षी यान योहान्सॉन या स्वीडिश पियानोवादकानं नुसता पियानो आणि बास घेऊन लोकगीतांची 'जाझ पो स्वेन्स्का' ही रेकॉर्ड काढली आणि ती घरोघरी पोचली.

या निवांतपणाची किंमतही मोनिकानं मोजली. १९६३ मध्ये लंडनला युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत ती स्वीडनतर्फे उतरली. गाणं 'एन गोंग ई स्टॉकहोम', शब्द पुन्हा वोल्गर्सचेच. गुण मिळाले शून्य. भोपळा चार देशांना मिळाला होता, त्यामुळे अगदीच एकटी नव्हती. तीन मिनिटांत युरोपभरच्या परीक्षकांना जिंकायचं म्हणजे दारातूनच हाका मारत शिरावं लागतं. हे गाणं जिना चढून येईपर्यंत वेळ संपली असणार. स्वीडिश लोकांनी मात्र ते टाकून दिलं नाही, शून्यासकट सांभाळलं.

हासे आल्फ्रेडसॉन आणि तागे दानिएल्सॉन या जोडगोळीच्या विनोदी कार्यक्रमांत तिनं लोकांना हसवलं. यान त्रोएलच्या १९७१ च्या 'उत्वांद्रार्ना' (देश सोडून जाणारे) या चित्रपटात ती उल्रिका झाली. गावानं ओवाळून टाकलेली, तोंडानं फटकळ, पोरीला घेऊन अमेरिकेच्या जहाजावर चढणारी बाई. मऊ आवाजाची मोनिका त्यात अशी काही खडखडीत बोलते की ऐकत राहावं. या भूमिकेसाठी तिला गुल्डबाग्गे हा तिथला मोठा चित्रपट पुरस्कार मिळाला.

पाठीच्या कण्याचं दुखणं तिला बरीच वर्षं होतं. १९९९ मध्ये ती रंगमंचावरून निवृत्त झाली. २००५ च्या मे महिन्यात स्टॉकहोममधल्या घराला लागलेल्या आगीत ती गेली.

२०१३ मध्ये तिच्यावर 'मोनिका झेड' हा चित्रपट आला (सेटरलुंडचं स्पेलिंग झेडनं सुरू होतं). एड्डा मॅग्नासननं त्यात मोनिकाचं काम केलंय आणि गाणीही स्वतःच गायलीत, तीही उत्तम. चित्रपट जरूर बघा, फक्त आधी इव्हान्सबरोबरची रेकॉर्ड ऐका. ती सगळी मिळून चाळीस मिनिटांचीसुद्धा नाही. स्टेप्स मोजत ऐकायची असेल तर त्या दिवसाचा आकडा गाठायचा नाद सोडा.