मागं कोण आहे

रविवार, रात्री साडेदहा

रंकाळा स्टँडजवळ मागनं हॉर्न वाजला आणि मी गाडी बाजूला घेतली. एवढंच झालंय. कुणी शिवी दिली नाही, कट मारला नाही, कुणाला लागलं नाही. सातच्या सुमारास गंगावेशीत दूध आणायला निघालो होतो, हॉर्न वाजला, मी डावीकडं सरकलो, अजून सरकलो, पार कडेच्या खडीवर गेलो आणि पाय टेकून उभाच राहिलो. मागच्या सगळ्यांना जाऊ दिलं. एक वडाप, दोन ॲक्टिवा, ऊस खाली करून परत चाललेला एक ट्रॅक्टर, त्याच्या दोन मोकळ्या ट्रॉल्या धडाधड उडत गेल्या. सगळे गेले तरी मी तिथंच. घशात दाटून आलं एकदम. कारण आज दुपारी एक वाजेपर्यंत, रेसच्या ट्रॅकवर गाडी शिकत होतो तोवर, मी असा नव्हतो, आणि सहा तासांत परत होतो तसाच झालो.

सहा तास पण टिकलं नाही, हेच सारखं डोक्यात फिरतंय.

बत्तिसाव्या वर्षी गाडी शिकणं म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला सांगून कळायचं नाही. इथं आठवीतली पोरं बापाची गाडी काढून रंकाळ्याला चक्कर मारून येतात. मी गोकुळ शिरगावला केएमटीनं जायचो, बस चुकली की कुणाच्या तरी मागं बसून. दादाच्या नंतर आमच्या घरात दुचाकी आली नाही आणि तो विषय मीही कधी काढला नाही. फौंड्रीत सगळ्यांना वाटायचं याला गाडीची आवडच नाही. २०२३ च्या सप्टेंबरात बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झालं तेव्हा रविवारच्या दुपारी मी आतल्या खोलीत मोबाईलचा आवाज बंद करून अख्खी रेस बघितली होती, बेझेकी जिंकला, आणि मी उठून पाणी प्यायलो, कारण कुणाला सांगायचं? बाहेर आई गहू निवडत बसलेली.

ते असो.

सात महिन्यांपूर्वी सेकंडहँड यामाहा एफझी घेतली. घरी काय झालं ते इथं लिहीत नाही. चालवायला दाजींनी शिकवलं, प्रेमानं शिकवलं, पण त्यांचं पहिलं वाक्य होतं, पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील. आणि दुसरं, मागनं कोण येतंय बघत जा, कडेकडेनं चालव. मी दोन्ही इतकी मनापासून पाळली की सात महिने मी पुढं कमी आणि आरशात जास्त बघत गाडी चालवलीय. पडायची भीती मला तेवढी नाहीच, हे आज कळलं. मला भीती मागच्याची आहे. माझ्यामुळं कुणीतरी थांबलंय, याला येत नाही असं कुणाला तरी दिसतंय, त्याची. उजळाईवाडीच्या पुलाखाली रोज सकाळी माझे खांदे कानाला लागलेले असतात.

आज सकाळी ट्रॅकडेला गेलो होतो, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर नेऊन शिकायचा दिवस. ट्रॅक म्हणजे आपल्या मोहित्यांचा, गो-कार्टचा, जेमतेम १.२ किलोमीटर. मद्रासचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा आहे, त्याच्यापुढं हा म्हणजे अंगण. पण शिकवणारे सर म्हणाले शिकायला अंगणच बरं, सरळ कमी, वळणं जास्त, स्पीड कमी आणि डोकं सतत चालू. नवशिक्यांची वेगळी बॅच होती, पंधरा-पंधरा मिनिटांची चार सेशन. भाड्यानं घेतलेला लेदर सूट अंगात चढवायलाच दहा मिनिटं गेली, गुडघ्यात कडक, थंडीत आतनं गार. मग गाडी तपासली. हेडलाईटवर, टेललाईटवर टेप, कारण कोण पडलं तर काच ट्रॅकवर सांडायला नको. आणि आरसे काढायचे. त्यामागं काचेचं कारण आहेच, शिवाय सर म्हणाले, इथं मागं बघायचं तुमचं कामच नाही. मेकॅनिकनं दोन पान्यांत दोन्ही आरसे काढून माझ्या हातात ठेवले, मी पेपरात गुंडाळून सॅकमध्ये टाकले. हँडल एकदम बोडकं दिसायला लागलं. टीव्हीवर एवढ्या रेसा बघितल्या, त्या गाड्यांना आरसे नसतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पहिल्या सेशनला काय झालं ते मला नीट लिहून ठेवायचंय. उजव्या मुठीच्या वर जिथं आरसा असतो तिथं माझी नजर जायची. तिथं काही नाही. ट्रॅकच्या पलीकडचा ऊस दिसायचा फक्त. दर वळणाच्या आधी, दर वळणानंतर, सरळ आलं की लगेच. एका राउंडमध्ये मोजलं, अकरा वेळा मी त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. अकरा! म्हणजे रोज घरापासून गोकुळ शिरगावपर्यंत मी किती वेळा बघत असेन? मग पुढं बघायला उरतो किती वेळ?

दुसऱ्या सेशनला निळा झेंडा. सकाळीच सांगितलं होतं, पिवळा म्हणजे पुढं काहीतरी झालंय, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू आत या, निळा म्हणजे मागनं फास्ट गाडी येतेय. मार्शलनं, म्हणजे कडेला झेंडे घेऊन उभ्या माणसानं, माझ्याकडं बघून निळा दाखवला आणि मी सवयीनं लगेच डावीकडं गेलो, ट्रॅकच्या कडेला, पार पांढऱ्या पट्टीवर. मागनं केटीएमवाला एक पोरगा येत होता, कॉलेजचा असेल, तो नेमका डावीकडनंच काढणार होता. थोडक्यात वाचलो दोघं. तो बिचारा पुढं जाऊन हात वर करून गेला. मला वाटलं आता मला बाहेर काढतील.

सरांनी सेशन संपल्यावर बोलावलं. मी आधीच सॉरी सॉरी म्हणत गेलो. ते म्हणाले, बाजूला का झालासा? मी म्हटलं, निळा होता म्हणून. ते म्हणाले, निळा म्हणजे बाजूला व्हा असं कुणी सांगितलं? निळा म्हणजे मागं कुणीतरी आहे, दचकू नका, आहे ती लाईन सोडू नका. तुम्हाला पास करायची जबाबदारी त्याची. तुम्ही मधेच हललासा तर त्यानं कुठनं जायचं? मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भावा, तू तुझी लाईन धर. तो बघून घेतोय की."

तो बघून घेतोय की. हे वाक्य घेऊन मी पाण्याच्या जारजवळ बराच वेळ उभा होतो. मी हळू आहे, तरी ती जागा माझी आहे, आणि मागचा माझा अंदाज घेऊन, मला सांभाळून जाणार आहे, असं मला आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. आणि माझ्या मागं कोण आहे हे सांगायला तिथं उन्हात एक माणूस झेंडा घेऊन उभा आहे. मला एकट्याला सगळं बघायचं नाहीये.

तिसरं सेशन माझं होतं. एक लांब उजवं वळण आहे, तिथं तीन केशरी कोन ठेवले होते, पहिल्याजवळ ब्रेक, दुसऱ्याजवळ गाडी वळवायची, तिसरा आतल्या कडेला, त्याला घासून जायचं आणि परत बाहेर सुटायचं. पुढचा ब्रेक. दाजींच्या शब्दाबाहेर पहिल्यांदा गेलो. सरांनी सांगितलेलं, झटका द्यायचा नाही, आधी लिव्हरचा सैलपणा काढायचा, मग लिंबू पिळल्यासारखं दाबत जायचं. पुढचा फोर्क खाली बसतो, वजन पुढच्या टायरवर येतं आणि तो रस्ता धरतो, हे हाताला कळतं, खरंच कळतं. मग ब्रेक सोडत सोडत उजवीकडं बघायचं आणि उजवी मूठ हलकी पुढं ढकलायची. उजवीकडं जायला उजवी मूठ पुढं! पहिल्या दोन वेळा मनाला पटेना, तिसऱ्या वेळी गाडी आपली आपण कलली, मऊ, जशी म्हैस पाण्यात उतरते तशी, आणि मी तिसऱ्या कोनाकडं बघतच नव्हतो, त्याच्या पुढं जिथं सुटायचंय तिथं बघत होतो. डोकं वळलं की गाडी येते मागं. अख्ख्या राउंडमध्ये एकदाही मी त्या रिकाम्या जागेकडं बघितलं नाही, आणि हे राउंड संपल्यावर लक्षात आलं.

मागनं दोन गाड्या गेल्या त्या सेशनमध्ये. मी हललो नाही.

चौथं पण चांगलं गेलं, तळहात भरून आले होते एवढंच. पिटमध्ये उकिडवा बसून मागचा टायर बघितला. सकाळी कडेला दोन बोटं कोरी पट्टी होती, रस्त्याला कधी न लागलेली, वर नव्या टायरचे रबराचे केस तसेच. आता एक बोट उरली होती. तिच्या आतलं रबर खरबरीत झालेलं, बारक्या गोळ्या सुटलेल्या, शेवयाच्या चुऱ्यासारख्या, आणि हात लावला तर गरम. मी बराच वेळ हात तसाच ठेवला. दादाला हे दाखवायला पाहिजे होतं.

घरी चारला आलो. येताना आरसे लावलेच नाहीत, घाई होती आणि खरं सांगायचं तर लावू वाटेना, गल्लीगल्लीतनं हळूच आलो. हे चुकलंच, लिहून ठेवतो. आल्या आल्या झोपलो. सहाला उठून अंगणात आरसे बसवायला घेतले. डावा बसला. उजवा काही केल्या आट्यात जाईना, मी जोर लावतोय, सुटतोय, परत जोर लावतोय. शेवटी बोळाच्या तोंडाला मिस्त्री असतात ते आले, म्हणाले, "उलटे आटे हाईत त्याचे. यामाहाचा उजवा उलटाच फिरवायचा. कशाला अडकला तर मोडायच्या आधी सैल व्हावा म्हणून." फिरवला उलटा, दोन मिनिटांत बसला. आणि बसला तशी त्यात आमची गल्ली दिसायला लागली, मागची, आणि माझे खांदे वर गेले. गाडी तर स्टँडवर होती. बंद होती.

मग दूध, मग रंकाळा स्टँड, मग ते.

गंगावेशीत पोचल्यावर म्हशीची धार काढून होईपर्यंत उभा होतो. फेसाळ दुधाचा ग्लास तिथंच प्यायलो, घरच्यासाठी बरणी भरून घेतली. तेव्हा जरा डोकं ताळ्यावर आलं. सात महिने रोज दोन वेळा लागलेली सवय, म्हणजे चारशेच्या आसपास फेऱ्या झाल्या, आणि तिच्यासमोर आज सकाळची चार सेशन, एक तास. एका तासानं ती जाईल असं मला का वाटलं? आणि रस्त्यावर झेंडेवाला नाही, त्याच्या जागी आरसाच आहे, तो लागणारच. बघायचा एक क्षण आणि परत पुढं. सकाळी मार्शलकडं तेवढंच तर बघत होतो मी, तो दिसला की कळायचं आणि नजर परत वळणावर.

परत येताना पापाच्या तिकटीच्या अलीकडं मागनं हॉर्न. आरशात बघितलं, रिक्षा. पुढं बघितलं. खांदे वर गेलेच, ते मला थांबवता आले नाहीत, पण हात हलू दिला नाही, जिथं होतो तिथनंच चालत राहिलो, सॅकमधली बरणी पाठीला लागत होती. सात-आठ सेकंद असतील. रिक्षा उजवीकडनं निघून गेली. रिक्षावाल्यानं माझ्याकडं बघितलं पण नाही, पुढच्या पॅसेंजरकडं बघत होता तो. एवढी सात-आठ सेकंद आज मिळाली. उद्या साडेआठला निघायचंय, उजळाईवाडीच्या पुलाखाली परत बघू. दिवाळीपर्यंत होईल कदाचित, किंवा पुढच्या ट्रॅकडेनंतर. मला आता घाई वाटत नाहीये.

एक लिहायचं राहिलं. संध्याकाळी आरसे बसवताना बघितलं तर हेडलाईट लख्ख. दुपारी आलो तेव्हा त्यावर टेपचा चिकट राहिलेला होता, चारी बाजूंनी, धूळ बसून काळा झालेला, उठल्यावर पुसू म्हणून तसाच सोडून झोपलो होतो. जवळ गेलो तर खोबरेल तेलाचा वास आला. कुणीतरी तेल लावून, नखानं खरवडून, मग कोरड्या फडक्यानं पुसलंय, कोपऱ्यांतनंसुद्धा. वहिनी चार दिवस माहेरी आहेत. मी सकाळी कुठं जातोय ते घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुधाची बरणी ओट्यावर ठेवली तेव्हा आई पाठमोरी होती, भाकरी थापत होती. वळली नाही. म्हणाली, "बसले का रे दोन्ही आरसे?"

"बसले," म्हटलं.

"उजवा तटला हुता न्हवं मगाशी."