दादा म्यूट राहिला

दादाने काल चॅटमध्ये एवढंच टाकलं, "मी म्यूटच राहतो, खेळा तुम्ही." ते वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

त्याआधी सगळे त्याच्यावर ओरडत होते. आवाज डब्यातून आल्यासारखा, शब्दांची शेपटं गायब. "मागे" ऐकू यायचं. मागे बघ की मागे हो, ते कळेपर्यंत खेळ संपलेला. मग ठरलं, खेळताना एकमेकांशी बोलायचं सॉफ्टवेअर बदलायचं. मीही हो म्हटलं. तेच खुपतंय, कारण मला माहीत होतं.

हेडसेट ब्लूटूथचा. त्याचाच माइक चालू केला की ब्लूटूथ गाण्यांचं प्रोफाइल सोडून फोन कॉलच्या प्रोफाइलवर उतरतं. आवाज मोनो होतो, सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते, 8 किंवा 16 किलोहर्ट्झवर येतं. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, डबा तोच. आणि शेपटं खात होती व्हॉइस ॲक्टिव्हिटी, म्हणजे आवाजाची पातळी बघून माइक आपोआप चालू-बंद करणारी सोय. हळू बोलणाऱ्याचं शेवटचं अक्षर मर्यादेच्या खाली गेलं की माइक बंद. पुश-टू-टॉक, म्हणजे कळ दाबून बोलणं, लावून रिलीज डिले (कळ सोडल्यावर माइक किती वेळ चालू राहतो तो) 200 मिलिसेकंद ठेवला की शेपूट वाचतं. विंडोजवर गेम ॲडमिन म्हणून चालत असेल तर डिस्कॉर्डही, म्हणजे ज्यावर बोलतो ते ॲप, तसंच चालवायचं, नाहीतर गेममध्ये असताना ती कळ लागतच नाही.

हे सगळं काल बोलता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. आणि मी... जाऊ दे.

रात्री मम्बल लावून बसलो, तेही बोलायचंच सॉफ्टवेअर. सर्व्हर आपला आपण चालवायचा, राउटरवर 64738 पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) टीसीपी आणि यूडीपी दोन्हींवर उघडायचं. टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मागवून क्रमाने देतं, यूडीपी न थांबता पुढे जातं. नुसतं टीसीपी उघडलं तरी जोडलं जातं, म्हणून लोक फसतात: आवाज टीसीपीतून जायला लागतो आणि एक पॅकेट हरवलं की मागची सगळी खोळंबतात. पॅकेटमागे 10 मिलिसेकंद आवाज ठेवला तर सेकंदाला 100 पॅकेटं, प्रत्येकावर आयपी-यूडीपीचे 28 बाइट, म्हणजे नुसत्या हेडरचेच, पॅकेटवरच्या पत्त्याचेच, सेकंदाला 22 किलोबिट. 10 चे 20 मिलिसेकंद केले की निम्मे. अशक्त लाइनवर हा फरक जाणवतो. पण घरचं कनेक्शन सीजीनॅटमागे असेल, म्हणजे कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला असेल, तर पोर्ट उघडूनही बाहेरून कुणी पोचत नाही. टीमस्पीक या तिसऱ्या सॉफ्टवेअरलाही तेच, तिथे यूडीपी 9987. डिस्कॉर्डला लिंक टाकली की झालं, आणि चॅनेलचा बिटरेट 64 किलोबिटवरून 32 वर आणला तरी बोलणं स्वच्छ राहतं. तिन्हींत कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करायची पद्धत, ओपसच.

पोरांना बदलायचं असेल तर बदलू देत. माझं अडत नाही. दादाच्या लाइनवर जे चालेल ते माझं सॉफ्टवेअर.

मघाशी त्याला लिहिलं, "आज दहा मिनिटं आधी ये, आपण दोघंच. हेडसेट ठेव, वायरचा इअरफोन आण."

"माइकवाला?"

"हो. आणि स्प्लिटर. तुझ्या पीसीला माइकचं भोक वेगळं आहे, ती पिन सरळ चालणार नाही."

"बरं. शोधतो."