रंभाचा उजवा डोळा

रंभा आमची कॉकर स्पॅनियल, नऊ वर्षांची. तिच्या उजव्या डोळ्यात चिपडं यायला लागली तेव्हा मी ‘डोळे आलेत’ असं धरून चालले. कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसलं की डोळा स्वच्छ दिसायचा, दुपारपर्यंत पुन्हा तेच. पिवळट-हिरवी, दोऱ्यासारखी ताणली जाणारी घाण, पापणीच्या केसांना चिकटून वाळलेली. अँटिबायोटिकचे ड्रॉप घातले की चार दिवस बरं, बंद केले की परत. असं तीनदा झालं.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी आधी कागदाची एक पट्टी काढली. तिचं दुमडलेलं टोक खालच्या पापणीच्या आत अडकवलं आणि एक मिनिट लावलं. निरोगी कुत्र्याच्या डोळ्यात ही पट्टी मिनिटभरात १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजते. रंभाचं डोकं धरून मी बघत होते. ओल ५ वर आली आणि पुढे सरकेचना.

इतके दिवस मला तो डोळा ओला वाटत होता! तो ओलावा चिकट स्रावाचा होता. अश्रूंमधलं पाणी आटलं की चिकट भाग तेवढा उरतो, आणि एरवी धुऊन जाणारे जंतू तिथेच बस्तान मांडतात. संसर्ग होता, पण मागाहून आलेला. कुत्र्यांमध्ये बऱ्याचदा असंच असतं. मूळ कारण कोरडेपणा, आत वळलेली पापणी किंवा तिसऱ्या पापणीमागे अडकलेलं गवताचं कुसळ. ते तसंच राहिलं तर ड्रॉप कितीही घाला. रंभाच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उलटली होती.

मग डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं. बुबुळावर जखम असेल तर तेवढा भाग हिरवा चमकतो. तिच्या डोळ्यात काही चमकलं नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कारण दुसऱ्या वेळी मी घरात उरलेली जुनी बाटली वापरली होती. तिच्यात स्टिरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असती, तर जखम खोल जाऊन डोळा फुटायची वेळ आली असती. उरलेले ड्रॉप मी आता टाकून देते. तुम्हीही टाका, कळकळीने सांगते. आणि कुत्रा डोळा घट्ट मिटून बसला, पंजाने चोळायला लागला किंवा बुबुळ निळसर-पांढरं दिसलं, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

रंभाला सायक्लोस्पोरिनचं मलम दिवसातून दोनदा, आयुष्यभर. ते लागू पडायला काही आठवडे जातात, हे आधी सांगितलं होतं म्हणून धीर धरला. सहा आठवड्यांनी पट्टी १३ पर्यंत भिजली. आता सकाळी ती आपणहून माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवते. मलमाआधी डोळा पुसावा लागतो, नाहीतर औषध चिपडांवरच बसतं. गेल्या आठवड्यापासून पुसल्यावरही कापूस पांढराच राहतो.