माफी मिळते, मग हिशोब कशाला?

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाचा दिवाणजी, म्हणजे हिशोब लिहिणारा, म्हणून माझी हयात गेली. राहायला मिरजेत, आणि रविवारी चर्च चुकवत नाही. त्यामुळे एक प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. हमाल हसत विचारतात, शेजारचे माळकरी बापू गंभीरपणे विचारतात: “तुमच्यात बरं आहे. येशूनं सगळ्यांची पापं आधीच फेडली. चुकलं की माफी मागायची, पाटी कोरी. मग पट्टीतल्या, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशोबातल्या, किलो-अर्ध्या किलोसाठी एवढा जीव कशाला काढता?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न टोमण्यासारखा असला तरी रास्त आहे. येशूचा प्रेषित पौल, त्यानंही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 6 व्या अध्यायात सुरुवातीलाच तो घेतलाय: कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का? त्याचं उत्तर साफ नकाराचं आहे. पण पौलाचं राहू द्या, मी यार्डातलं सांगतो.

बेदाण्याचा सौदा बघितलाय का? पेटी फोडतात, नमुना हातोहात फिरतो, मुठीमुठीनं माल खाली सांडतो. ही उधळण शेतकऱ्याच्या मालातूनच होते. मग बारदानाचं वजन वजा, तूट वजा, हमाली, तोलाई. शेवटी पट्टी होते ती दिवाणजीच्या टेबलावर. जतहून, आटपाडीहून आलेल्या माणसाला संध्याकाळची एसटी गाठायची असते. तो शेवटचा आकडा बघतो, नोटा मोजतो, निघतो. मधले आकडे तो वाचत नाही, मालक वाचत नाही. तूट जराशी जास्त धरली तर कुणाच्या घरची चूल विझत नाही, आणि ती धरणारा दिवाणजी दुकानात हुशार ठरतो, हे वेगळंच.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात याबद्दल एक आज्ञा आहे: पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नकोस, एक मोठं, एक लहान. बघा, वापरू नकोस एवढंच म्हटलेलं नाही. जवळ बाळगूच नकोस म्हटलंय. खोटं वजन पिशवीत असलं की ते बाहेर काढायचा दिवस येतोच, हे मोशेच्या काळच्या लोकांनाही ठाऊक असणार.

आता माफीचं. यरीहोचा जक्कय जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, गावानं ओवाळून टाकलेला. येशू स्वतःहून त्याच्या घरी उतरला. अट घातली नाही, उपदेश केल्याचंही लूकनं आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. तरी जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाला लुबाडलं असेल त्याला चौपट परत करतो. म्हणजे घरात माफी आली तेव्हा या माणसानं वही मिटली नाही, उघडली. देवानं मला सोडलं म्हणून जतच्या माणसाचे पैसे त्याला पोचत नाहीत हो. वेदीपाशी आल्यावर भावाची तक्रार आठवली तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असं येशूनं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात सांगितलंय. बापूंना हे पटलं. हमालांना अजून वाटतं, मी भाव खातो.

खरं तर यार्डात सचोटी सोपी. काटा आहे, डोळे वटारून उभा असलेला खरेदीदार आहे. अवघड आहे ते चर्चमध्ये, कारण तिथं वजन करणारं कुणी नाही. हंगामाच्या सणाला दानात आलेल्या मालाचा लिलाव होतो, तेव्हा केळ्यांच्या फणीला लागलेली बोली ऐकून माझ्यातला दिवाणजी गालातल्या गालात हसतो. बोली केळ्यांवर नसते, नाव पुकारलं जावं यावर असते. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस, हे वाचन मात्र आम्ही तिथंच करतो. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हे भक्तमंडळ मांडलं. लोकांना त्यांच्या कविता आठवतात, मला तो सोडलेला पगार आठवतो.

परवा ओळखीतल्या एका तरुण व्यापाऱ्यानं पुढचा प्रश्न टाकला. ज्यांचं बुडवलं त्यांची नावंच आता सापडत नाहीत, तर फेडायचं कुणाला? बायबलातल्याच ‘गणना’ या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात याची सोय आहे. मुद्दल अधिक पाचवा हिस्सा त्या माणसाला द्यायचा. तो नसेल आणि घ्यायला नातलगही नसेल, तर ते परमेश्वराचं, याजकाकडे जमा. मी त्यात माझी एक अट घातली: पावतीवर नाव नको, रविवारी वाचूनही दाखवायचं नाही. ते त्यानं कबूल केलं. पाचवा हिस्सा मात्र त्याला जड वाटतोय, त्यावर अजून घासाघीस चाललीय. म्हटलं, मग जक्कयाचा दर लावू का?