काकांचा अंगठा

"बेटा, माह्या नातवाचे फोटो कुठी गेले?"

नागपूरच्या बर्डीवर तर्री पोहे खात होतो, शेजारी उभ्या काकांनी मोबाईल पुढे केला. ॲप रात्रीतून अपडेट झालेलं. काकांचा अंगठा सवयीने खालच्या कोपऱ्यात जायचा, तिथे आता व्हिडिओचं बटण, म्हणून दरवेळी मोठ्या आवाजात कोणीतरी नाचायला लागायचं अन् काका घाईघाईत फोन छातीशी दाबून इकडेतिकडे पाहायचे. पोहेवाला हसून हसून बेजार.

फोटो सापडले एकदाचे, कुठल्या तरी मेनूच्या आत. पण काका बोलले ते डोक्यातच बसलं, "बदलवा ना, पण सांगून तर बदलवा बे!"

कंपन्यांचं ठरलेलं असते, लोक आधी ओरडतात मग सवय होते. होतेही कधीकधी. २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड, म्हणजे मित्र काय करतात ते एकाच पानावर दाखवणारी यादी, आणली तेव्हा पोरं केवढी भडकली होती, आणि गंमत म्हणजे तो निषेध पसरला न्यूज फीडमुळेच! पण २०१० मध्ये डिग नावाच्या, लिंका शेअर करायच्या साईटने सगळं बदलवून टाकलं तर लोकांनी तिच्या पहिल्या पानावर रेडिट या स्पर्धक साईटच्याच लिंका भरल्या आणि बरेच जण तिकडेच निघून गेले. २०१८ ला स्नॅपचॅटच्या नव्या डिझाईनविरुद्ध १२ लाखांवर सह्या झाल्या, मग कंपनीने थोडंफार मागे घेतलं.

ते तरुण पोरं होते, त्यांना दुसरीकडे जाता येते. ज्यांचं पूर्ण खानदान एकाच ॲपवर आहे त्यांनी कुठी जावं?

आपल्या नागपूरच्या मिहानमधल्या आयटीवाल्या दोस्तांनो, जुनं डिझाईन ठेवायचा पर्याय द्यायला नेमकं काय जाते हो?