ब्राह्मणवेलचा वारा आणि पुढचं चाक

धुळ्यात माझं सायकलचं दुकान आहे, वडलांच्या काळापासूनचं. तेव्हा तासावर भाड्याने सायकली द्यायचो, आता गिअरच्या, कार्बनच्या सायकली पण दुरुस्तीला येतात, पण रोजचं काम म्हणाल तर अजूनही पंक्चर, छर्रे बदलणं, चाकाचा आऊट म्हणजे वाकडेपणा काढणं हेच. मागच्या पावसाळ्यात एक सायकल आली आणि तिने मला तीन आठवडे झोपू दिलं नाही, तिची ही गोष्ट.

सायकल आमच्या डॉक्टरताईंची. भूलतज्ज्ञ आहेत, दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभ्या, आणि पहाटे साडेचारला रस्त्यावर. अंगाने अगदी बारीक, वजन पन्नासच्या थोडं वर असेल. त्यांनी नोव्हेंबरमधल्या कोझुमेलच्या आयर्नमॅनला नाव दिलेलं. कोझुमेल म्हणजे मेक्सिकोचं बेट, कॅरिबियन समुद्रात. ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर पळायचं, सगळं एका दिवसात. सायकलचा रस्ता म्हणजे बेटाच्या दक्षिण भागाला तीन फेऱ्या. चढ जवळजवळ नाहीच, सपाट, त्यामुळे लोकांना वाटतं सोपं आहे. पण पूर्वेच्या किनाऱ्याला ना घरं ना झाडी, बाजूला उघडा समुद्र आणि तिकडून सतत वारा, आणि हे प्रत्येक फेरीत, म्हणजे तीनदा.

ताई दुकानात आल्या की स्टुलावर बसून मी काम करेपर्यंत सांगत बसायच्या. हा प्रकार सुरूच मुळात बेटावर झाला म्हणे, १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर. तिथे पोहण्याची एक शर्यत होती, बेटाला सायकलने फेरी मारायची एक होती आणि होनोलुलूची मॅरेथॉन होती, जॉन कॉलिन्स नावाच्या नौदलातल्या माणसाने तिन्ही एकाला एक जोडल्या. पहिल्या वर्षी १५ जण निघाले, १२ पोचले. पुढे १९८१ला ती शर्यत हवाईच्याच मोठ्या बेटावर गेली, आता तिथल्या कोना गावात होते, तिथे आडवा वारा इतका की मागचं डिस्क चाक म्हणजे पूर्ण बंद पत्र्यासारखं जे असतं ते लावायलाच बंदी आहे. हे मी ऐकलं, वा म्हटलं, आणि आऊट काढत बसलो. हे तेव्हाच डोक्यात शिरायला पाहिजे होतं.

जुलैमध्ये ताईंनी नवीन चाकं आणली. कार्बनची, ८० मिलिमीटर उंच रिमची, दोन्ही. दिसायला एकदम भारी आणि सरळ वाऱ्यात पळतातही जोरात. मीच बसवून दिली, ब्रेकचे रबर कार्बनचे टाकले, टायरची हवा त्यांच्या वजनाप्रमाणे कमी ठेवली. आठवड्याने फोन. "भाऊ, हँडल हलतंय."

आणा म्हटलं. हेडसेट म्हणजे हँडल ज्यात फिरतं तो सांधा, तो उघडला, बेअरिंग साफ, ग्रीस नवीन, कुठे खेळ नाही. परत फोन, भाऊ हलतंच आहे. मग पुढचं चाक स्टँडवर लावून आऊट बघितला, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. स्पोकचं टेन्शन मोजलं, हब बघितला, चाक धरणारा चिमटा सरळ आहे का बघितलं, टायर उलटा करून बसवला. स्वतः पारोळा रोडला वीस किलोमीटर चालवून आलो, लोण्यासारखी सायकल. पण माझं वजन ८४ आणि मी गेलो होतो सकाळी सहाला, वारा पडलेला असताना. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा ताईंचा आवाज वेगळा होता, म्हणाल्या भाऊ मला आता उतारावर भीती वाटते. ताई कधी असं बोलत नाहीत. म्हटलं रविवारी मी सोबत येतो, गाडीत, मला डोळ्यांनी बघू द्या.

ऑगस्टमधला रविवार. ताई सायकलवर, मागे त्यांचे मिस्टर बोलेरो चालवत आणि मी बाजूला, मागच्या सीटवर माझी पेटी, पंप आणि ताईंचं जुनं ॲल्युमिनियमचं पुढचं चाक, हे जुनं चाक मी पंक्चरच्या भीतीने घेतलं होतं, दुसरं काही मनात नव्हतं. सुरत हायवेने नेर, मग साक्री. तिथपर्यंत काही नाही, ताई हँडलवर कोपरं टेकवून एकदम छान वाकलेल्या, एकसारखं पॅडल. एकदोनदा मोठा ट्रक बाजूने गेला तेव्हा सायकल थोडी आत ओढली गेली आणि परत बाहेर आली, मी लक्षात ठेवलं. साक्रीहून निजामपूरकडे वळलो.

ज्यांनी हा भाग बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल म्हणजे पवनचक्क्यांचं गाव, देशातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक इथे आहे, ५०० मेगावॅटच्या वर. पठारावर नजर जाईल तिथे पाती. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा डोंगर चढून वर येतो आणि मग त्याला अडवायला काही नसतं. पवनचक्कीचं एक चांगलं आहे, वारा कुठून येतो ते सांगते, पात्यांचं तोंड कायम वाऱ्याकडे वळलेलं असतं. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आणि पाती जोरात. आम्ही चाललो होतो उत्तरेकडे, म्हणजे वारा बरोबर डाव्या हाताला, आडवा.

एका ठिकाणी रस्ता डोंगराच्या आडोशातून एकदम उघड्यावर येतो. समोरून एसटी आली, गेली. ती गेल्यावर मोजून तीनचार सेकंद झाले असतील आणि ताई आडोशाच्या बाहेर आल्या, आणि मी बघितलं, पुढचं चाक स्वतःहून उजवीकडे वळलं. ताईंनी वळवलं नाही, कोपरं टेकलेलीच होती, चाक वळलं आणि सायकल रस्त्याच्या मधल्या पट्ट्याच्या पलीकडे गेली. एसटी चार सेकंद उशिरा असती तर... मी अजूनही तो विचार पूर्ण करत नाही. मिस्टरांच्या तोंडून शब्द फुटेना. ताईंनी कशीबशी सावरली, कडेला आल्या, उतरल्या. हात थरथरत होते. रोज लोकांच्या नसेत सुई घालणारे हात.

तिथे एक म्हातारे बाबा शेळ्या चारत होते, घोंगडं डोक्यावर. ते म्हणाले, "माय, वारा गंज शे आज, सायकल हातमा धरीसन चाल." म्हणजे वारा खूप आहे आज, सायकल हातात धरून चाल. बाबांचं ऐकून ताईंनी सायकल हातात धरली, आणि मी म्हटलं थांबा, हँडल सोडा, फक्त सीट धरा. सायकल वाऱ्याला आडवी उभी केली. झुळूक आली की चाक आपोआप वाऱ्याकडे पाठ करून वळायचं, झेंडा फडकावा तसं. झुळूक गेली की सैल. परत आली की परत वळायचं. हँडलला हात कोणाचा नाही, ते मोकळं, आणि हँडल हलतंय. तीन आठवडे मी स्टँडवर जे शोधत होतो ते इथे डोळ्यासमोर चाललेलं.

मग गाडीतलं ते जुनं चाक काढून लावलं. अंगाला वारा झोंबत होता, पाना हातातून दोनदा पडला. ब्रेकचे रबर पण बदलायला लागले, कारण ॲल्युमिनियमच्या रिमला घासलेल्या रबरात धातूचे बारीक कण अडकतात आणि तेच रबर नंतर कार्बनला लावले तर रिम खराब होते, म्हणून दोन्हीचे रबर वेगळे ठेवायचे. रिमची रुंदी कमी म्हणून ब्रेक पण जवळ घ्यावा लागला. वीस मिनिटं गेली. परत तिथेच, तशीच सायकल उभी केली, सीट धरली. तोच वारा. चाक थोडं हललं, बस. ताई माझ्याकडे बघत होत्या, मी ताईंकडे.

सांगतो काय होतं ते. पुढच्या चाकाचा मध्य हा हँडल ज्या रेषेवर फिरतं त्या रेषेच्या थोडा पुढे असतो. उंच रिम म्हणजे वाऱ्याला धरायला मोठा पडदा, आणि तो पडदा त्या रेषेच्या पुढे, मग वारा त्याला ढकलणार आणि हँडल फिरणार. सायकल पळत असली तर वारा तिरका लागतो आणि धक्का चाकाच्या पुढच्या कडेला जास्त बसतो, म्हणून अजून वाईट. मागच्या चाकाला हे लागू नाही, ते वळतच नाही, त्यावर माणसाचं वजन पण जास्त असतं. आणि कोपरं टेकवलेली असली की दोन्ही हात एकमेकांच्या जवळ येतात, हँडल धरून ठेवायला जोर मिळत नाही. त्यात ताईंचं वजन कमी. माझ्या ८४ किलोखाली ती सायकल गप्प बसली होती आणि मी त्यांना तीनदा सांगितलं होतं, ताई सायकलमध्ये काही नाही. सायकलमध्ये काही नव्हतं हे खरं, पण त्यांचं म्हणणं पण खरं होतं, आणि ते मी आधी मानायला पाहिजे होतं.

ताईंना पहिला प्रश्न पडला वेळेचा. मागचं उंच ठेवू, पुढचं साधं लावू, पण मिनिटं जातील ना भाऊ? म्हटलं ताई, वाऱ्याला अडवतं ते मुख्य म्हणजे माणसाचं अंग, चाक त्यात थोडंसं. भीतीने तुम्ही उठून बसलात, आणि त्या पूर्व किनाऱ्यावर तिन्ही फेऱ्या उठून बसूनच काढल्यात, तर या चाकाने वाचवलेलं सगळं जाईल आणि वर अजून जाईल. वाकून राहता आलं पाहिजे, ते महत्त्वाचं. पटलं त्यांना. गणित नाही केलं, परतीच्या रस्त्यावर पटलं. कारण परत येताना आम्ही दक्षिणेकडे चाललो होतो आणि वारा उजवीकडून, आणि कोझुमेलला पण पूर्व किनाऱ्यावर उत्तरेकडे जाताना समुद्र आणि वारा उजवीकडेच. ताई वाकल्या त्या साक्री येईपर्यंत वाकलेल्याच.

फक्त एक गोष्ट तेव्हाही जमेना, बाटली. आडव्या वाऱ्यात एक हात सोडला की सायकल डुलायची, मग त्या पाणी प्यायच्याच नाहीत, चाळीस मिनिटं काही पोटात नाही. लांबच्या शर्यतीत हे महागात पडतं, तासाला निदान ६० ग्रॅम तरी कर्बोदकं पोटात जायला पाहिजेत असं त्या स्वतःच सांगतात. मग ठरलं, खायचं ते पश्चिमेच्या बाजूला, तिथे बेटाचाच आडोसा असतो, आणि पूर्वेला फक्त नळीने प्यायचं, नळीची बाटली मी दोन कोपरांच्या मध्ये बांधून दिली. खाणं म्हणाल तर आपलं रावेरचं केळं, त्यावर मीठ, आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. सगळी तयारी त्यावरच झाली.

नंतर सप्टेंबरभर दर रविवारी ब्राह्मणवेल. वेग बघायचा नाही, घड्याळात दिसणारे हृदयाचे ठोके बघायचे, समोरून वारा असला तर १९चा वेग पण चालेल, ठोके वाढू द्यायचे नाहीत, कारण वाऱ्याशी भांडून घालवलेली ताकद पाठीवरचा वारा परत देत नाही. दुसऱ्याच्या मागे लपून वारा चुकवायची सोय पण नाही, पुढच्या सायकलपासून १२ मीटर लांब राहायचा नियम आहे, मोडला तर दंड म्हणून थांबवून ठेवतात. पोहण्यातलं मला काही कळत नाही, त्या अक्कलपाडा धरणावर जायच्या, नावाडी सोबत घेऊन.

ऑक्टोबर संपला आणि नवीनच अडचण. आपल्याकडे थंडी पडली, आणि तिकडे दमट उकाडा. अंगाला घामाची सवय राहिली नसती. मग माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, लावला, खिडक्या बंद, पंखा नाही, बादलीत गरम पाणी वाफाळत ठेवलेलं, आणि ताई रोज ड्युटी झाल्यावर तासभर तिथे. शेवटचे बारा दिवस. फरशीवर घामाचं थारोळं व्हायचं, माझा पोरगा पुसायचा आणि विचारायचा, डॉक्टरकाकूंना काय झालंय.

खोका मी स्वतः भरला. सीटच्या दांड्याला, हँडलला टेपने खुणा केल्या, किती आत होतं ते कळावं म्हणून. पॅडल काढली, डावं उलट्या आट्याचं असतं हे ताईंकडून चारदा वदवून घेतलं. गिअर बदलणारा मागचा डिरेलर काढून कापडात गुंडाळला. हवेचे छोटे सिलेंडर विमानात अडवतात म्हणून ते नाही, हातपंप ठेवला. आणि पुढचं चाक साधं, ताईंनी खोक्यावर हात ठेवून विचारलं, भाऊ ते ८०चं पण ठेवू का, तिकडे वारा कमी असला तर? मी नाही म्हटलं. चाक माझ्याकडे दुकानात टांगून ठेवलं.

शर्यतीच्या तीन दिवस आधी व्हिडिओ कॉल आला, इथे रात्रीचे साडेसात, तिकडे सकाळचे नऊ. गिअर उड्या मारत होता. म्हटलं मागच्या केबलचा छोटा नट डावीकडे पाव फेरी. अजून थोडा. बसला. मग ताईंनी मोबाईल फिरवला, पूर्वेचा रस्ता, एका बाजूला निळा समुद्र आणि कडेची झुडपं सगळी एकाच बाजूला वाकलेली, वर्षानुवर्षं वाऱ्याने तशीच वाढलेली. वाऱ्याच्या आवाजात त्यांचं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. मी ओरडून विचारलं, सीट धरून उभी करून बघितली का? त्यांनी मोबाईल मिस्टरांकडे दिला, सायकल वाऱ्याला आडवी उभी केली, हँडल सोडलं, आणि आम्ही दोघं पुढच्या चाकाकडे बघत राहिलो.