बाविसावा आठवडा: डेडलिफ्ट ७५ किलो

काल डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा बार उचलून सरळ उभं राहण्याचे, ७५ किलोवर पाच रेप्स (सलग पाच वेळा उचलणं) पूर्ण झाले. पाचव्या रेपला बार गुडघ्यांपाशी क्षणभर अडला, पण पाठ सरळ राहिली. आकड्यापेक्षा मला त्याचाच आनंद जास्त आहे. सुरुवात ३० किलोवर केली होती, वय ४९, आणि कारण एकच: डेक्सा स्कॅनमध्ये खुब्याच्या हाडाची घनता कमी निघाली.

नव्यांसाठी एक गोष्ट. पहिले सहा आठवडे वजन भराभर वाढतं, ते मुख्यतः मज्जासंस्था जास्त स्नायुतंतू एकदम कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका भरायला वेळ लागतो. माझ्या मांडीचा घेर बाराव्या आठवड्यानंतर कुठे दीड सेंटिमीटरने वाढला.

हाडांचं काम याहून संथ. भार पडला की हाड अगदी किंचित वाकतं, आतल्या सूक्ष्म नलिकांमधला द्रव सरकतो आणि हाडात रुतून बसलेल्या पेशींना ते जाणवतं. मग जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशी येतात, त्यांच्यामागून नवं घडवणाऱ्या. एका जागेची ही डागडुजी पुरी व्हायला तीन-चार महिने तरी जातात, कधी जास्तच. म्हणून पुढचा स्कॅन वर्ष झाल्याशिवाय नाही. त्याआधी दिसलेला बारीकसा फरक मापनातली चूकही असू शकते.

आधी मी हलक्या डंबेल्सचे वीस-वीस रेप्स मारायचे. घाम यायचा, पण हाडाला जोरकस भार लागतो. ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर चाचणीत हाडं विरळ झालेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धाच तास व्यायाम केला: पाच सेट (फेऱ्या), प्रत्येकात पाच रेप्स, एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त. मणक्यांची घनता वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. मात्र त्या स्त्रियांवर पूर्ण वेळ प्रशिक्षकांची नजर होती. हे विसरू नका, कारण मी विसरले. नवव्या आठवड्यात एकटीने एकदम दहा किलो चढवले, कंबर वाकली आणि दोन आठवडे बार सोडावा लागला. आता दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट्स, त्याही आधीच्या वजनाचे पाचही सेट स्वच्छ झाल्यावरच.

स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन खाली बसून उठणं) अजून ५० किलोवर अडलाय, खाली गेल्यावर टाचा उचलल्या जातात. घोट्यांवर काम चालू आहे. सोमवारी डेडलिफ्ट ७७.५.